कवळी काढल्यावर दिसणारी बाई

डॉक्टरांनी एक लांबट फिल्म भिंतीवरच्या दिव्याच्या पेटीवर अडकवली, दिवा लावला आणि म्हणाल्या, "काका, हे तुम्ही."

मी तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होतो आणि डॉक्टर मॅडम तिशीच्या. त्यामुळे आधी मला 'काका' लागलं. फिल्मवर काय आहे ते मग दिसलं. त्या फोटोला ओपीजी म्हणतात. यंत्र चेहऱ्याभोवती गोल फिरतं आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचा सगळा जबडा एका पट्टीवर सपाट पसरून दाखवतं. पनवेलला तेव्हा ते यंत्र नव्हतं, मुंबईला जाऊन काढून आणावा लागला होता. एसटीत मांडीवर लिफाफा ठेवून आलो, पण उघडून बघायचं धाडस झालं नव्हतं.

दात नसलेली एक कवटी हसत होती. डॉक्टर पेन्सिलीनं खालच्या जबड्यावरून रेघ मारल्यासारखं दाखवत होत्या. "इथे हाड एवढं उंच हवं होतं. तुमचं एवढंच उरलंय. याला रिसॉर्प्शन म्हणतात. दात गेले की त्यांना धरून ठेवणाऱ्या हाडाला काम राहत नाही, मग शरीर ते शोषून घेतं. सगळ्यांचंच होतं. तुमचं फार लवकर झालंय. आता कितीही कवळ्या केल्या तरी खालची टिकणार नाही, कारण तिला बसायला ओटाच नाही."

मी मान हलवत होतो, पण लक्ष भलतीकडेच होतं. हा चेहरा मी कुठेतरी पाहिला होता. माझा म्हणून नाही. दुसऱ्याच कुणाचा.

ज्यांचे दात गेलेत किंवा जायच्या वाटेवर आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. कुणी भुताची गोष्ट म्हणून वाचली तरी माझी हरकत नाही. आमच्या घराण्यात ते खातं तसंही माझ्याकडेच आहे. लग्न असो, बारसं असो, जेवणं उरकली की पोरं गोळा होतात आणि "बंडूकाका, ती विहिरीची सांगा" सुरू होतं. तीस वर्षं मी त्यांना घाबरवत आलो. नोकरी न्हावा शेवाच्या बंदरावर माल सोडवून देणाऱ्या एका कचेरीत कारकुनाची, पण माझी ओळख या गोष्टींची.

पायोरियानं, म्हणजे हिरड्या सडून, माझे दात आदल्या दोन वर्षांत गेले. शेवटचे सात एकाच बैठकीत काढले. मग साधी कवळी केली. वरची टाळूला चिकटून राहायची. खालची मात्र तोंडात होडीसारखी फिरायची. कोन गावी एका साखरपुड्यात मी गोष्ट ऐन रंगात आणली होती. विहिरीवरची बाई हळूच वळते आणि हसते, इथे मीही वळून हसलो, आणि खालची कवळी तोंडातून उडून समोरच्या पुतणीच्या मांडीवर पडली. पोरं किंचाळत अंगणाबाहेर पळाली. इतकी दाद मला आधी कधी मिळाली नव्हती. पण त्या दिवसापासून मी गोष्ट सांगणं बंद केलं.

म्हणून या नव्या डॉक्टरांकडे आलो होतो. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला दोन इम्प्लांट बसवायचे. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियम धातूचा बारीक स्क्रू, दाताच्या मुळासारखा. तो हाडात पुरायचा, वरून हिरडी शिवून टाकायची आणि तीन-चार महिने वाट बघायची. तेवढ्यात हाड त्याला धरतं. या धरण्याला ऑसिओइंटिग्रेशन म्हणतात. हा शब्द मला दात असते तरी म्हणता आला नसता. मग हिरडी उघडून स्क्रूवर छोटा गोळा बसवायचा, बटणासारखा, आणि कवळीच्या आतल्या बाजूला त्या बटणाची खोबण. कवळी टक् करून बसते, हलत नाही, आणि पाहिजे तेव्हा काढता येते. हिचं नाव ओव्हरडेंचर.

"काढता येते?" मी म्हणालो. "मला निघणारे दात नकोत हो. निघणाऱ्यांनीच घात केलाय. पक्के द्या."

"पक्क्याला पाच-सहा इम्प्लांट लागतात आणि भरपूर हाड लागतं. तुमच्याकडे दोनपुरतंच आहे. आणि काका, निघणारी वाईट नसते. स्वच्छ धुता येते."

मी तोंड पाडून बसलो. ते तसंही पडलेलंच होतं.

मग त्यांनी एकेक विचारून लिहून घेतलं. साखर? नाही. रक्तदाब? थोडा. विडी-सिगारेट? नाही. तंबाखू? "आयुष्यात नाही," मी छाती काढून सांगितलं. शपथेवर सांगितलं असतं. घरी आलो, मोरीत उभा राहून नेहमीसारखी चिमूटभर मिश्री हिरड्यांवरून फिरवली, चूळ भरली आणि जेवायला बसलो.

आता घराबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. घरात मी, बायको नलू आणि माझे वडील आप्पा. आप्पा ब्याऐंशीचे. उमेदीत मिठागरावर मुकादम होते. गंमत बघा, त्यांच्या तोंडात या वयातही सव्वीस दात शाबूत, आणि मुलाच्या तोंडात एक नाही. मी आईवर गेलो होतो. आईचे दात पंचेचाळिशीतच गेले, तिनं कवळी कधी लावली नाही, आणि आम्ही तिला ऐकलं ते बोळक्या तोंडातूनच.

आई आदल्या वर्षीच्या मार्गशीर्षात गेली. आप्पांचं डोकं तिच्या बाराव्यापर्यंत ठीक होतं. मग हळूहळू ते विसरायला लागले, आणि जी गोष्ट सगळ्यात पक्की विसरले ती म्हणजे ती गेली हीच. ताट वाढलं की दाराकडे बघत बसायचे. "ती येऊ दे, मग जेवतो." साठ वर्षांची सवय. ती समोर पाटावर टेकून "जेवा" म्हणाल्याशिवाय त्यांनी कधी पहिला घास घेतला नव्हता. नलू समोर बसली तर अदबीनं म्हणायचे, "तुम्ही जेवून घ्या, बाई." सदरा अंगावर हँगरला लटकवल्यासारखा दिसायला लागला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मनगट धरून ठेवलं आणि मला बाहेर नेऊन म्हणाले, "असंच चाललं तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल. या वयात ते किती दिवस सोसतील, सांगता येत नाही."

असं सगळं चालू असताना पौष महिन्यात माझ्या ऑपरेशनचा दिवस आला.

डॉक्टर मॅडमनी आधीच बजावलं होतं, मिशी काढून या, टाके घालताना मध्ये येते. तीस वर्षांनी मिशी काढली. नलूनं मला आरशाकडे फिरकू दिलं नाही. "बघू नका, चला," एवढंच म्हणाली.

घाबरणाऱ्यांना सांगतो, दुखत नाही. इंजेक्शननं खालचा ओठ आणि हनुवटी लाकडासारखी होते. पण आवाज येतो, आणि तो कानांनी येत नाही, हाडातून येतो. शेजारच्या खोलीत कुणीतरी भिंतीला भोक पाडतंय असं वाटतं. मी डोळे मिटून पडलो होतो, आणि मध्येच माझ्या मनात आलं की त्या शेजारच्या खोलीत कुणीतरी राहतंय. ते झोपलेलं होतं, या आवाजानं उठलं. भुलीच्या औषधाचा परिणाम असेल. मी डॉक्टरांना नंतर सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही गोष्टी सांगता ना? म्हणून."

दोन आठवडे कुठलीच कवळी घालायची नाही, वरचीसुद्धा, जखमेवर आपटेल. पातळ खायचं, बर्फानं शेकायचं. घरी आलो तेव्हा गाल सुजले होते आणि कानांत वारं शिरत होतं. नलूला मऊ सुती कापड पाहिजे होतं. तिनं ट्रंकेतून आईचं एक जुनं हिरवं लुगडं काढलं, त्याची रुंद पट्टी फाडली आणि माझ्या डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात यमुना आली. ती उरणकडची कोळीण, आईची पंचवीस वर्षांची मासळीवाली. मी दार उघडलं. तिनं टोपली डोक्यावरून अर्धी उतरवली होती, ती तशीच हातात राहिली.

"अगं बाय," ती हळूच म्हणाली. "वयनी?"

मी हातानं नाही नाही केलं. तोंडात कापूस होता, त्यामुळे नुसता हुंकार निघाला. त्यानं ती आणखीच मागे सरली. आतून नलू धावत आली आणि दातांचं सांगितलं. यमुनानं टोपली खाली ठेवली, तरी नजर माझ्यावरच होती. "आमी तं पार घाबरलो, भाऊ. तो पदर काढा डोक्यावरचा. बरं दिसत नाय." मग न मागता ओले बोंबील मोजून दिले. "याला दात लागत नाय," म्हणाली आणि घासाघीस न करता निघून गेली. यमुना घासाघीस न करता गेली, तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

मी न्हाणीघरातल्या आरशासमोर उभा राहिलो. गाल आत गेलेले, ओठ तोंडात ओढले गेलेले, नाक हनुवटीकडे झुकलेलं, मिशी नाही, डोक्यावर हिरवा पदर. फिल्मवरची कवटी कुणाची वाटली होती ते तेव्हा कळलं.

दुपारी नलू धुणं वाळत घालत होती म्हणून आप्पांची पेज मी घेऊन गेलो. ते खाटेवर बसून दाराकडे बघत होते. मी दारात आलो आणि त्यांच्या चेहऱ्यावरची वाट बघण्याची घडी एकदम मोडली.

"आलीस?" ते म्हणाले. "किती वेळ गं."

"आप्पा, मी बंडू," असं म्हणायला हवं होतं. पण कापूस होता, टाके होते, आणि त्यांचा हात वाटीकडे गेला होता. मी समोर पाटावर टेकलो. आप्पा थांबले. त्यांना कसली वाट आहे ते मला माहीत होतं. मी सुजलेल्या तोंडानं म्हणालो, "जेवा."

माझा आवाज मी ओळखतो, तीस वर्षं तो विकून खाल्लाय. तो माझा नव्हता. दात नसले की जीभ हिरडीला टेकते, 'ज' ओला होतो, शेवटचा 'वा' ओठात विरघळतो. अगदी तिचा 'जेवा'. आप्पांनी पूर्ण वाटी पेज संपवली. आठ महिन्यांत पहिल्यांदा. नलू दारात ओला टॉवेल धरून उभी होती.

त्यानंतर दोन्ही वेळा मीच जायला लागलो. कचेरीतून मला उशिरा येण्याची आणि लवकर निघण्याची सवलत मिळाली, साहेबांना मी टाक्यांचं कारण सांगितलं. टाके आठवड्यात निघाले होते. सूज उतरली, तरी डोक्यावरची पट्टी राहिली. दोन आठवड्यांनी वरची कवळी घालायला परवानगी मिळाली. कचेरीत ती घालायचो, घरी आलो की काढायचो. आप्पा भात खायला लागले. मग भाकरी. अंगावर मूठभर मांस आलं. नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "काय जादू केलीत?" मी सांगितलं नाही.

नलूनं एकदाच तोंड उघडलं. "त्यांच्या खोलीतून बाहेर आलात की आधी ते डोक्यावरचं काढत जा. स्वयंपाकघरात तसे येऊ नका." मग जरा हसून म्हणाली, "भाकऱ्या थापायला लागलात तर मी सरळ माहेरी जाईन." पण हसताना ती माझ्याकडे बघत नव्हती. तिनं सासूजवळ सव्वीस वर्षं काढली होती.

आमचं घर रस्त्याला लागून. न्हावा शेवाकडे जाणारे ट्रेलर दिवसभर जातात आणि भांडी थरथरतात. आप्पांच्या खोलीतल्या फळीवर काचेच्या वाटीत माझी वरची कवळी पाण्यात ठेवलेली असायची. ट्रेलर गेला की ती काचेवर कटकट वाजायची. एकदा भर दुपारी मी ताट घेऊन येत होतो तर आप्पा कुणाशी तरी बोलत होते. "हो, हो, ऐकतोय. सांग." खोलीत कुणी नव्हतं. वाटी कटकटत होती. ट्रेलर गेल्याचं मला आठवत नाही. जाऊन बघितलं, पाणी हलत होतं.

आणि अडकित्ता. आप्पांचा पितळी अडकित्ता आई गेल्यापासून सापडत नव्हता. आम्ही अख्खं घर पालथं घातलं होतं. एक दिवस जेवता जेवता त्यांनी विचारलं, "अगं, माझा अडकित्ता कुठे लपवलास?" मी ताटात डाळ वाढत होतो. "मशीनच्या खणात," माझं तोंड म्हणालं. "बोट कापून घेतलं होतं ना तुम्ही."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. शिवणाचं मशीन आईचं. ती गेल्यापासून झाकलेलं होतं. कव्हर काढलं, खण ओढला. दोऱ्यांच्या रिळांखाली, तिच्या पोलक्याच्या तुकड्यात गुंडाळलेला अडकित्ता होता.

मी हिशोबी माणूस आहे. लहानपणापासून तिची लपवायची जागा पाहिलेली असणार, आप्पांचं बोट कापल्याचंही कधी कानावर आलं असणार, असं मी स्वतःला सांगितलं. नलूला विचारलं, आप्पांचं बोट कधी कापलं होतं का. ती म्हणाली, "हो, दोन वर्षांमागे. तुम्ही तेव्हा कचेरीच्या कामाला गुजरातला होतात. आईंनी सांगू नको म्हटलं होतं."

साडेतीन महिने झाले. मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हिरडी उघडली, उजवा इम्प्लांट ठोकून पाहिला, खणखणीत. डाव्याला हात लावला आणि त्या थांबल्या. मग त्यांनी तो चिमट्यानं फिरवला आणि तो उचलून सहज बाहेर काढला. बशीत ठेवला तेव्हा टण्ण वाजला.

"याला हाडानं धरलंच नाही," त्या म्हणाल्या. मग हिरडीवर कापूस फिरवला आणि माझ्यासमोर धरला. कापूस तपकिरी झाला होता. "काका, हे काय?"

"काही नाही, मिश्री."

"मिश्री?"

"दात घासायची. मंजन. आमच्याकडे सगळेच लावतात. आता दातच नाहीत, म्हणून हिरड्यांना लावतो. हिरड्या घट्ट राहतात."

त्यांनी मास्क खाली ओढला. "काका, मिश्री कशाची करतात?"

मी तोंड उघडलं, आणि उत्तर द्यायच्या आधीच माझ्या डोळ्यांपुढे आई आली, चुलीपुढे बसलेली, लोखंडी तव्यावर तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजणारी, आणि मग पाट्यावर कुटणारी. घरभर तो जळका वास. शाळेतून आलो की त्या वासानं कळायचं, आई घरात आहे. मी हे चाळीस वर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि तंबाखू खाता का, या प्रश्नाला छाती काढून 'आयुष्यात नाही' म्हणालो होतो.

"तंबाखूची," मी म्हणालो.

त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. "तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात. रक्त पोचलं नाही तर हाड भरत नाही. तुमचे दात त्यानंच गेले असणार. बहुतेक आईंचेही. आता ही जागा भरू द्यायची, दोन महिन्यांनी पुन्हा बसवू, मग पुन्हा चार महिने थांबू. मिश्री बंद. वास घेतला तरी मला कळेल."

वाचणाऱ्यांनो, एवढं तरी लक्षात ठेवा. डॉक्टर तंबाखू विचारतात तेव्हा मिश्री, तपकीर, गुल, सगळं सांगा. घरात तिला मंजन म्हणतात म्हणून ती मंजन होत नाही.

पण आता एक गोष्ट कबूल करतो, जी मी डॉक्टरांना सांगितली नाही. एसटी स्टँडकडे चालत येताना मला वाईट वाटायला हवं होतं. मला सुटल्यासारखं वाटत होतं. अजून सहा महिने, असं कुणीतरी माझ्या आत म्हणालं. तो आवाज बोळका होता. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

मिश्री त्याच दिवशी सोडली. तिसऱ्या दिवशी आप्पांनी घास हातात धरून हवा हुंगली. "आज तुझा वास येत नाही," म्हणाले आणि ताट अर्धं टाकलं. चौथ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी नलू आईची मिश्रीची जुनी डबी घेऊन आली, झाकण काढलं आणि ताटाशेजारी जमिनीवर ठेवली. "लावायची नाही," मला म्हणाली, "नुसती उघडी ठेवायची." आप्पांनी एक लांब श्वास घेतला आणि जेवायला लागले. नलूच्या डोळ्यांत पाणी होतं. "आईंचीच डबी आहे," ती म्हणाली, "मी टाकली नव्हती."

दुसरा इम्प्लांट बसला. पुन्हा चार महिने. या वेळी हाडानं धरलं. मग मापं झाली. तोंडात मऊ पदार्थ दाबून साचा घेतात, त्याला इम्प्रेशन म्हणतात, आणि त्या एका मिनिटात श्वास नाकानं घ्यायचा एवढं लक्षात ठेवलं की जमतं. दिवाळीच्या सुमारास नवी कवळी तयार झाली.

डॉक्टरांनी ती माझ्या खालच्या जबड्यावर ठेवली आणि अंगठ्यांनी दाबली. टक्. दुसऱ्या बाजूला, टक्. वरची घातली. "बोला," म्हणाल्या. मी म्हणालो, "तात्या, दादा, सासू, दत्तू." एकही अक्षर सांडलं नाही. त्यांनी आरसा दिला. आरशात मी होतो. गाल भरलेले, ओठ जागेवर. दहा महिन्यांनी भेटलो होतो, आणि मला रडू आलं. त्यांनी काढायची रीत दाखवली. दोन्ही अंगठे दोन्ही बाजूंना, कडेखाली, आणि सरळ वर. "रोज काढून धुवायची. रात्री काढून ठेवायची. विसरू नका."

मी मनात म्हटलं, कोण काढतंय.

घरी आलो. मिशीही आठवडाभर राखली होती, आप्पांपुढे पदर ओठावर ओढून. नलूनं मला बघितलं आणि दहा महिन्यांत पहिल्यांदा सरळ डोळ्यांत बघून हसली. "आले का परत," म्हणाली. मी ताट घेऊन ऐटीत आप्पांकडे गेलो.

आप्पांनी सावरून बसत सदऱ्याची बटणं लावली. "या, बसा," म्हणाले. "कोणाकडे आलात?"

"आप्पा, मी बंडू."

"बंडू शाळेत गेलाय," ते म्हणाले आणि माझ्या खांद्यावरून दाराकडे बघायला लागले.

त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. डबी उघडी ठेवली, नलू बसली, मी डोक्यावर पट्टी घेऊन बसलो. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू कुणीतरी परका माणूस त्यांच्या बायकोचा पदर घेऊन बसलाय. ओठ कोरडे पडले. नेहमीच्या डॉक्टरांनी नळीची भाषा पुन्हा काढली. आणि मी, सांगायला लाज वाटते, दोन दिवस कवळी तोंडातून काढलीच नव्हती. धुवायलासुद्धा नाही. काढली तर जी दिसेल तिची मला भीती वाटत होती. या वेळी ती पुन्हा आत जायला तयार झाली नाही तर?

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला नलूनं ताट वाढलं, माझ्या हातात दिलं आणि उभी राहिली.

"काढा," ती म्हणाली.

"तुला चालेल?"

"निघते म्हणून बरं म्हणायचं. पक्के दात बसवले असतेत तर काय केलं असतं?" मग हळूच, "जेवण झालं की परत घाला. मी बाहेर बसते."

मी न्हाणीघरात गेलो. वस्तरा घेऊन मिशी काढली. वरची कवळी काढली. मग अंगठे कडेखाली घातले. टक्. टक्. आरशात ती आली. दहा महिने मी तिच्याकडे बघितलं की लगेच नजर वळवत होतो. त्या दिवशी बघत राहिलो. भीतीदायक काही नव्हतं. थकलेली होती, बस्स. मी पट्टी डोक्यावर घेतली, आणि दोघं ताट घेऊन गेलो.

"उशीर केलास," आप्पा म्हणाले. आवाज क्षीण होता.

मी टेकलो. "जेवा."

त्यांनी वरणभाताचा पहिला घास घेतला. दुसरा. चौथ्या घासाला थांबले आणि दाराकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाले, "काय गं, बंडूला दात आले का?"

खोलीत उघड्या डबीचा वास होता. बाहेर नलूच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"आले," मी म्हणालो.

"किती?"

"सगळे एकदम."

आप्पा समाधानानं हसले, त्यांच्या सव्वीस दातांनी. "मग आता त्याला ओलंकोरडं खायला घाल," म्हणाले. "फार दिवस उपाशी होतं पोर."

त्यांनी ते माझ्या दुधाच्या दातांबद्दल विचारलं, की समोर कोण बसलंय ते त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, मला कधी कळलं नाही. मी विचारलं नाही. माझं ताट बाहेर वाढून ठेवलेलं होतं. मी टक् करून बाहेर गेलो आणि नलूसमोर बसून कुरकुरीत तळलेले बोंबील खाल्ले.

आप्पा त्यानंतर सव्वा वर्ष जगले, नळीशिवाय, आणि गेले ते जेवून गेले. त्या सगळ्या काळात दिवसातून दोनदा मी कवळी काढत होतो. डॉक्टर तपासणीला बोलावतात तेव्हा म्हणतात, "काका, तुमच्यासारखी स्वच्छ कवळी ठेवणारा पेशंट माझ्याकडे दुसरा नाही." मी मान डोलावतो. त्यांचे आभार नीट मानायचे राहिले आहेत, ते इथे मानतो. मी पक्के दात मागितले होते, त्यांनी निघणारे दिले.

गोष्टी पुन्हा सांगतो. पोरं म्हणतात, बंडूकाका आता जास्त घाबरवतात. विहिरीवरची बाई मात्र मी बदलली आहे. ती वळते, हसते आणि "जेवलात का?" एवढंच विचारते. पोरं त्यालाच जास्त घाबरतात, का ते त्यांना सांगता येत नाही.

मिश्रीची डबी आप्पांच्या बाराव्याला नलूनं विसर्जित केली. घरात आता चिमूटभरही नाही. तरी संध्याकाळी मी न्हाणीघरात कवळी धुवायला काढतो, आरशात ती येते, आणि तेवढी दोन मिनिटं तव्यावरचा जळका वास येतो. नलूलाही येतो, ती बाहेरून सांगते. मी घाई करत नाही. धुऊन झाली की तिला "येतो" म्हणतो, अंगठ्यांनी दाबतो, टक्, आणि जेवायला बसतो.